पपई रंगाचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. पाठ नसलेला, चार माणसे ऐसपैस आणि पाच दाटीवाटीने बसतील एवढा. मलावीच्या तळ्याकाठी नामिकोंगो नावाचे एक आरोग्य केंद्र आहे, त्याच्या ओसरीत मी वीस वर्षे काढली. बाकाचे आत्मवृत्त म्हटले की तुम्हाला वाटेल, बिचारा आता आपली झीज सांगून रडणार. मी रडणार नाही. मला रडू येत नाही, मला शिसारी येते. आजाऱ्यांची नव्हे. आजारी माणसे माझ्यावर ओकली, कोणी शेंबडाचे हात पुसले, तान्ह्या पोरांनी तर मला किती वेळा भिजवले याची गणतीच नाही. त्याचे मला काही वाटले नाही. शिसारी येते ती धडधाकट माणसांची.

माझा जन्म शवपेट्यांच्या दुकानात झाला. जायलोसी सुतार पूर्वी पलंग, खुर्च्या, नव्या नवरीची कपाटे करायचा. मग ती वर्षे आली. त्या आजाराचे नाव आमच्याकडे कोणी घेत नसे, नुसते 'आजकालचा आजार' म्हणत. तरणीताठी माणसे वाळून जाऊ लागली आणि जायलोसीकडे पलंग मागायला कोणी येईना. ज्याला त्याला पेटीच हवी. एकदा त्याने शाळेच्या मास्तरांसाठी पेटी केली. मास्तर उंचपुरे होते, म्हणून मापही तसेच घेतले. न्यायला आलेला त्यांचा भाऊ पेटीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "लहान दे रे. एवढ्या पेटीत आमचा माणूस खुळखुळेल."

त्या पडून राहिलेल्या पेटीच्या फळ्यांपासून जायलोसीने मला केले आणि दवाखान्याला फुकट देऊन टाकले. "मेल्यावर आडवं होण्यापेक्षा जिवंतपणी बसा म्हणावं," असे म्हणून तो निघून गेला. मला तो माणूस आवडायचा.

बाकाला माणूस वजनाने कळतो. पहिल्या काही वर्षांत मला जे कळले ते फार वाईट होते. दर महिन्याला येणारी एखादी बाई प्रत्येक खेपेला हलकी लागायची. मग ती यायची बंद व्हायची आणि तिची मुले आजीचे बोट धरून यायची. पुढे गोळ्या आल्या. रोज एक, न चुकता, जन्मभर. तीच माणसे हळूहळू जड होऊ लागली. त्यांच्या वजनाने माझ्या फळ्या करकरू लागल्या. मित्रांनो, करकरण्यात एवढे सुख असते हे मला तेव्हा समजले. आमच्या परिचारिका सिस्टर एनेलेसी येताजाता मला थोपटायच्या आणि म्हणायच्या, "आमचा पैलवान आहे हा."

तेव्हा ओसरीत आम्ही चार बाक होतो आणि चौघांवर सगळी सरमिसळ बसायची. कोणी तापाचा, कोणी खोकल्याचा, कोणी लस टोचून घ्यायला आणलेले बाळ, आणि त्यांच्यातच सहा नंबरच्या खोलीतून या गोळ्या नेणारा. कोण कशाला आला आहे हे कोणालाच कळत नसे. म्हणूनच तर लोक येत असत.

मग बोमाहून, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून, कापालामुला साहेब आले. साहेब मनाने वाईट नव्हते, आणि याचाच मला जास्त संताप येतो.

"या गोळ्यावाल्यांना तापवाल्यांबरोबर का ताटकळत ठेवता?" ते म्हणाले. "यांना वेगळा बाक द्या. झटपट सेवा! आणि असा रंग द्या की कोणी चुकणार नाही."

"साहेब, चुकलेलंच बरं आहे," सिस्टर एनेलेसी म्हणाल्या. "कोण कशाला आलंय ते कळत नाही, म्हणून लोक येतात."

"सिस्टर, तुम्ही लाजेला खतपाणी घालताय. यात लपवण्यासारखं काय आहे?"

किती छान वाक्य! मला पिकलेल्या पपईचा पिवळा रंग फासला आणि ओसरीच्या पार टोकाला, सहा नंबरच्या दारासमोर नेऊन ठेवले. तीन दिवसांनी फोटो काढायला साहेब पुन्हा आले. फोटोवाला म्हणाला, "साहेब, बसा ना बाकावर. चांगलं दिसेल." साहेबांनी आपल्या पँटकडे पाहिले आणि म्हणाले, "नको, रंग ओला असेल." तीन दिवसांचे कडकडीत ऊन खाल्लेला रंग, मित्रांनो! बोटाने खरवडूनही निघाला नसता. साहेब माझ्यापासून हातभर अंतरावर उभे राहिले आणि हसले.

त्या दिवसापासून नामिकोंगोत एक नवा शब्दप्रयोग रूढ झाला. 'तो पपईवर बसला.' ज्याच्याबद्दल असे म्हटले, त्याचा निकाल लागला म्हणून समजा. माझ्यासाठी फडके वेगळे झाले, झाडू वेगळा झाला. आया पोरांना लांबून ओढू लागल्या, "तिथं हात लावू नकोस, काहीतरी चिकटेल." एकदा एका पोराच्या हातून आंब्याची फोड माझ्यावर पडली. त्याने ती उचलली तर आईने त्याच्या पाठीत धपाटा घालून ती परत टाकायला लावली. मग एक शेळी आली, तिने फोड खाल्ली आणि वर माझी फळीही चाटली. पुढे तीच शेळी एका लग्नात कापली गेली आणि सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली. तिच्याबद्दल कोणालाही किळस वाटली नाही. लाकडाला ओकता येत असते, तर त्या दिवशी मी ओकलो असतो.

लोक माझ्यावर बसेनासे झाले. दोन महिन्यांनी साहेब आले, मोकळा बाक पाहून खूश झाले.

"बघा, गर्दी कशी हटली! याला म्हणतात नियोजन."

"साहेब, माणसं येतच नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "घरी बसलीत."

"म्हणजे झटपट सेवा घेऊन झटपट घरी जातात. उत्तम!"

रंग बदलायची सिस्टरांनी लेखी परवानगी मागितली होती. त्या अर्जाचे उत्तर आजतागायत आलेले नाही.

आता अलिनाफेबद्दल सांगतो. बावीस वर्षांची होती, शाळेच्या फाटकाशी मंदासी विकायची. मंदासी म्हणजे मैद्याचे गोड तळलेले गोळे. त्या विक्रीवरच तिचे घर चालायचे. नवरा तळ्यावर मासे धरायला जायचा, तो घरी कमी आणि होडीवर जास्त. अलिनाफे पोटुशी राहिली तेव्हा तपासणीत तिला आजार निघाला. सिस्टरांनी तिला नीट समजावले होते, "रोज गोळी घेतलीस तर बाळाला बहुतेक काही होणार नाही. एकही दिवस चुकवू नकोस." तिने चुकवली नाही. डबीत गोळ्या वाजू नयेत म्हणून ती वरून कापूस कोंबायची आणि डबी मंदासीच्या टोपलीत तळाशी लपवून न्यायची.

मला रंग दिला तेव्हा तिला पाचवा महिना होता. त्या महिन्यात ती आली, मला पाहिले आणि ओसरीसमोरच्या आंब्याच्या झाडाखाली टोपली घेऊन उभी राहिली. जणू विकायलाच आली होती. समोरच्या बाकावर चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष नाम्बेवे बाई बसल्या होत्या. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला म्हणून त्या दर दवाखान्याच्या दिवशी येत. त्यांची प्रार्थना डोळे उघडे ठेवून चालायची आणि नजर माझ्यावर असायची.

"अलिनाफे, इथं काय गं? दवाखान्यात काही काम?"

"नाही बाई. विकायला आलेय."

"मग दे चार. हात धुतेस ना नीट? आजकाल कोणाच्या हातचं खावं, काही भरवसा राहिला नाही."

अलिनाफेने चार मंदासी दिल्या आणि ती गोळ्या न घेता घरी गेली. पुढच्या महिन्यात तेच झाले, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. तिच्या हातचे खाणे लोकांनी सोडले असते तर ती आणि तिचे पोर काय खाणार होते? हे त्या आंब्याखाली उभे राहिलेल्या मुलीला जेवढे कळत होते, तेवढे साहेबांना कळले नाही.

चौथ्या खेपेला आगोगो नासिबेको आल्या. आगोगो म्हणजे आजी. या आजीचे दोन्ही गुडघे गेलेले. त्या काठी टेकत आल्या, इकडेतिकडे पाहिले आणि मोकळा दिसला म्हणून माझ्यावर धपकन बसल्या. सगळी ओसरी बघू लागली.

"आगोगो, उठा!" नाम्बेवे बाई किंचाळल्या. "ती पपई आहे! तिथं ते लोक बसतात."

"बसतात ना? म्हणजे बसायचीच वस्तू आहे."

"अहो, पण रंग बघा तरी!"

"बुडाला कुठं डोळे असतात गं?"

"लोक काय म्हणतील तुम्हाला?"

"अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे मी," आजी म्हणाल्या. "या वयात माझ्याबद्दल लोक एवढं रंगेल काही बोलायला लागले, तर एकेकाला कोंबडी खाऊ घालीन!"

पलीकडच्या बाकावरच्या पुरुषांत खसखस पिकली. आजींनी आंब्याकडे पाहिले. "ए पोरी, एवढं पोट घेऊन उभी काय राहतेस? ये, टेक इथं. मला दोन मंदासी काढ."

अलिनाफे आली आणि बसली. आठवा महिना होता तिचा, आणि ती मला चौथ्या महिन्यापेक्षा हलकी लागली. मी घाबरलो. तेवढ्यात सिस्टर दारात आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "मलाही दे गं दोन. आत ये, ताटलीत ठेव." अलिनाफे टोपली घेऊन आत गेली. बाहेर आली तेव्हा गोळ्यांची भरलेली डबी टोपलीत होती.

पुढच्या खेपेला आजींनी आपल्या तीन मैत्रिणी आणल्या. चौघी माझ्यावर बसून भुईमूग सोलायच्या आणि गावभरच्या सुनांची उणीदुणी काढायच्या. मग त्यांच्यात कोणीही येऊन टेकले तरी कोणाला काही ओळखता येत नसे. पण महिना संपायच्या आत अलिनाफे बाळंत झाली. मुलगा झाला. त्याचे नाव लिंबानी ठेवले, म्हणजे खंबीर राहा.

दीड महिन्याने त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतले आणि कागद शहरात पाठवला. निकाल यायला आणखी पाच आठवडे लागले. त्या दिवशी पेरणीची घाई होती, आजी आल्या नव्हत्या. मी मोकळा होतो. सहा नंबरचे दार नीट लागत नाही, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"अलिनाफे," सिस्टर म्हणाल्या, "लिंबानीच्या रक्तात आहे ते."

"त्या तीन महिन्यांमुळे?"

"तसं नक्की सांगता येत नाही." मग सिस्टरांचा आवाज खाली गेला. "हो. बहुतेक त्यामुळेच. आजच औषध सुरू करू. पोरगं जगेल, शाळेत जाईल. पण रोज द्यावं लागेल. कायम."

अलिनाफे बाहेर आली. मागच्या दाराने जाता आले असते, ती गेली नाही. ती माझ्या बरोबर मधोमध बसली आणि पाठीवरचे फडके सोडून लिंबानीला माझ्यावर निजवले. त्याचे वजन मला जाणवलेसुद्धा नाही. रिकामी टोपली याहून जड होती.

"अलिनाफे? तू? पपईवर?" नाम्बेवे बाई उठून उभ्या राहिल्या.

"हो बाई. मीही आणि माझा मुलगाही," ती म्हणाली. सगळ्या ओसरीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "दोन वर्षं माझ्या हातच्या मंदासी खाताय तुम्ही. काय झालं तुम्हाला? सांगा ना, काय झालं?"

नाम्बेवे बाईंनी खांद्यावरच्या फडक्याचे टोक घेतले आणि आपले ओठ खसाखसा पुसले. दोन वर्षांचे खाल्लेले जणू पुसून निघणार होते! मित्रांनो, साहेबांच्या पँटला मी एक वेळ माफ करीन. ते पुसणे मी विसरणार नाही. समोर एक अडीच महिन्यांचे पोर निजले होते आणि या बाईला आपले ओठ आठवले.

त्यानंतर महिनाभर अलिनाफेची टोपली भरलेली परत यायची. मग आगोगो नासिबेको फाटकाशी जाऊन बसल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून मंदासी खाऊ लागल्या. थोडी गिऱ्हाइके परत आली. सगळी आली नाहीत.

लिंबानी आता चार वर्षांचा आहे. दर महिन्याला तो दणदणीत जड होतो, ते फक्त मला कळते. माझा रंग बऱ्याच ठिकाणी उडाला आहे, पण जेवढा उरला आहे तेवढा त्याला फार आवडतो. त्याला अजून काही ठाऊक नाही. दवाखान्याच्या फाटकातून तो आईचा हात सोडून धावत येतो, सगळ्या ओसरीतून हाच बाक निवडतो आणि पाय हलवत बसतो. मग शेजारची जागा हाताने थोपटतो आणि समोरच्या पोरांना म्हणतो, "या ना! किती जागा आहे!" पोरे उठतात. त्यांच्या आया त्यांना ओढून परत खाली बसवतात.

मित्रांनो, मला नवा रंग नको, डागडुजीही नको. एवढेच सांगतो की लवकरच त्याला मोजता येऊ लागेल, आणि आपण बोलावल्यावर किती जण आले हे तो मोजेल. त्याच्या आत या. कोणीतरी येऊन बसा.