बर्फावरची बाटली

अहल्यानं बोळा काढून माश्यांची बाटली नव्या बाटलीवर उपडी केली आणि वरून दोनदा थापटलं. फळमाश्या खाली पडल्या. तीन-चार मात्र फटीतून निसटून ट्यूबलाइटकडे गेल्या.

"गेल्या बघ शहाण्या," लॅबमधली कानडी मदतनीस प्रेमाक्का म्हणाली. "माझी एक तरी जाते का?"

"तुझ्या बर्फावर असतात, अक्का. गारठलेल्या."

"मग तूही ठेव की."

"या उपाशी. सर म्हणतात, थंडीनं मरतील."

हेब्बाळच्या या लॅबमध्ये सात वर्षं हेच चाललं होतं. दर एकवीस दिवसांनी माश्यांची नवी पिढी नव्या बाटलीत जायची. प्रेमाक्काच्या माश्या खाऊनपिऊन सुखी. अहल्याच्या माश्यांना दर पिढीत उपास, आणि त्यातून वाचतील त्यांचाच वंश पुढे. एकशेएकवीस पिढ्यांत हा उपाशी वंश इतका सुस्त झाला होता की बहुतेक माश्या उडायच्याच नाहीत. भुकेनं त्यांना शक्ती राखायला शिकवलं, असा अहल्याचा प्रबंध होता. सोमवारी तो दिला की सुटका. नोकरी, लग्न, सर्जापूर रोडवरचं घर, सगळं 'प्रबंध झाल्यावर' या एकाच खुंटीला टांगलेलं होतं.

अहल्याचा हात बाटलीवर तसाच राहिला. ती ट्यूबलाइटकडे बघत होती.

दारातून सुमंत सर डोकावले.

"सोमवार नक्की ना? तुझ्याबरोबरचे चौघे मधेच गेले. तू टिकलीस. याला म्हणतात चिकाटी."

"हो, सर."

ते गेले. टिकतो तो लायक, आणि लायक कोण, तर टिकतो तो. या चकव्यापासून सावध राहावं, असं पहिल्या प्रकरणात तिनंच मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. कोण उरलं यावरून ते का उरलं हे कळत नाही. इथे तर दर पिढीतल्या चपळ माश्या तिच्याच हाताखालून पळाल्या होत्या. सुस्त होत्या त्या मागे राहिल्या आणि श्रेय मिळालं भुकेला. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात; हिनं तीनशे पानांचा धरला होता, तरी कांकण दिसलं नव्हतं.

तिला रडू येईलसं वाटलं. आला तो राग, तोही स्वतःचाच. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. प्रेमाक्का काही प्रबंध वाचणार नव्हती. आणि ते चौघे? त्यांना फट दिसली तेव्हा ते उडाले. आपण चिकाटीनं राहिलो की नुसत्याच राहिलो, हे तिला सांगता येईना.

"अक्का, बर्फ उरलाय?"

"आहे स्वल्प."

"तुझ्या बाटलीतल्या अर्ध्या माश्या मला दे. त्यांना उपाशी ठेवायचं, पण बाटली बदलायची ती बर्फावर ठेवूनच."

"मरतील म्हणाले ना सर?"

"मरतील तर मरतील. पळून तर जाणार नाहीत."

"आणि सोमवार?"

"सरांना मी सांगते."

"सरी," म्हणत प्रेमाक्कानं मान डोलावली आणि बर्फाचा ट्रे पुढे सरकवला.

अहल्यानं नव्या बाटलीवर चिठ्ठी डकवली, तारीख घातली. खाली सवयीनं 'पिढी १२' एवढं लिहून झालं होतं. पुढचा दोन लिहिण्याआधी ती थांबली आणि मागचाही दोन खोडला. उरली 'पिढी १'.