गोटू उपाशी नव्हता

१९९१ साली फेब्रुवारीत आमच्या घरात अकरा दिवसांच्या अंतराने दोन बाळंतपणं झाली. आधी माझं, मग माझ्या धाकट्या जावेचं. माझी ती तिसरी मुलगी, तिचा तो पहिला मुलगा, गोटू. माझं बाळंतपण म्हणजे शिंक आली नि गेली. तिचं मात्र जिवावर बेतलं. तीन बाटल्या रक्त चढवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी माझ्या दिराला समोर उभं केलं आणि म्हणाले, "निदान दोन वर्षं हिला दिवस राहता कामा नयेत. पुन्हा असा रक्तस्राव झाला तर मी फक्त हात जोडू शकेन."

हे घरातल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. तेव्हा पुढचं सारं आम्हाला माहीतच नव्हतं म्हणून झालं, असं म्हणायची सोय नाही.

धाकटीला सगळे भिंगरी म्हणत. चोवीस वर्षांची, काडीसारखी, आणि पाय जमिनीला लागतील तर शपथ. मी तिच्याहून दहा वर्षांनी मोठी. आम्ही दोघी मोज्यांच्या कारखान्यात होतो. मोजा यंत्रातून विणून बाहेर पडतो तेव्हा बोटांकडचं त्याचं तोंड उघडं असतं. ते शिवून बंद करायचं, हे आमचं काम. सतरा नंबरचं एकच मशीन आमच्या दोघींचं. सकाळी सहा ते दोन ती, दोन ते दहा मी. ॲप्रनसुद्धा एकच. दोनच्या भोंग्याला ती तो स्वतःच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात अडकवायची आणि म्हणायची, "घ्या जाऊबाई, खुर्ची गरम करून ठेवलीय."

बाळंतपणानंतर तीन महिन्यांची रजा होती. दीड महिना झाल्यावर आम्ही दोघी पोरांना घेऊन दवाखान्यात गेलो. तिथल्या नर्सबाई उंच, आवाजाने कडक, पण बोलताना बाळाचे पाय चोळत बसायच्या. त्यांनी आम्हाला समोर बसवून एकेक उपाय सांगितला. कॉपर-टी बसवता येते. पाजणाऱ्या बायकांसाठी वेगळी गोळी असते, ती रोज ठरल्या वेळेला घ्यायची, दूध कमी होत नाही. नवऱ्याला कंडोम वापरायला सांगता येतं.

"आणि यातलं काहीच नको असेल," त्या भिंगरीकडे बघत म्हणाल्या, "तर सहा महिन्यांपुरती एक वाट आहे. बाळाला फक्त अंगावरचं दूध, दिवसा आणि रात्री, मागेल तेव्हा. वरचं काही नाही, पाणीसुद्धा नाही. आणि पाळी आलेली नसली पाहिजे. यातलं काही बदललं तर त्याच दिवशी इथे यायचं. पण तुझ्या बाबतीत मला हे फारसं पसंत नाही गं. तू कॉपर-टी बसवून घे."

मी तिथल्या तिथे बसवून घेतली. मला तीन झाली होती, पुरे होती. पण पुढचे दोन दिवस माझ्या पोटात असे पिळे पडले की मी घर डोक्यावर घेतलं. "कुणीतरी आत कंदील टांगलाय आणि तो हलतोय," असं म्हणत मी उशी पोटाशी धरून लोळत होते. तिसऱ्या दिवशी दुखणं थांबलं, मी विसरूनही गेले. भिंगरी विसरली नाही. तिने नुकतंच इतकं सोसलं होतं की कुणी तिच्या पोटाला हात लावला तरी ती दचकायची.

"मला नको तो तुमचा कंदील," ती म्हणाली.

"मग गोळी घे."

"आणि दूध आटलं तर? कारखान्यातल्या मावशींचं आटलं होतं."

"मावशींची गोळी वेगळी असेल. नर्सबाईंनी सांगितलं ना?"

"नर्सबाईंना काय, त्यांना थोडंच गोटूचं पोट भरायचंय!"

कंडोमचं पाकीट तिने भाऊजींच्या हातात दिलं होतं. माझे दीर वायरमन, लाजाळू माणूस. त्यांनी ते कपाटावर ठेवलं, आणि ते तिथेच राहिलं.

सासूबाईंचं मत विचारल्याशिवायच यायचं. त्या म्हणाल्या, "पाजत्या बाईला कुठे दिवस जातात! माझी पाच पोरं, अडीच-अडीच वर्षांच्या अंतराने. मी काय नर्सला विचारायला गेले होते?"

मग ठरलं. भिंगरी सहा महिने फक्त पाजणार, आणि सहा महिने भरले की पुढचं बघायचं. मीच म्हटलं होतं, "मी आहे ना लक्ष ठेवायला."

आणि मी लक्ष ठेवलं. मे महिन्यात आम्ही कामावर रुजू झालो. सकाळी ती मशीनवर गेली की दोन्ही पोरं माझ्याकडे. माझ्या अंगावर दूध इतकं की दोघांना पुरून उरायचं. सासूबाई हसायच्या, "एका गाईला दोन वासरं." दुपारी मी गेले की दोघं तिच्याकडे. रात्री दहाची शिफ्ट सुटून मी परत आले की भिंगरीचे डोळे मिटायला लागलेले असायचे. पहाटे पाचला तिला उठायचं असायचं. मी म्हणायचे, "दे गोटूला इकडे. तू झोप." ती लेकरासारखी झोपायची. रात्री तो दोन-तीनदा उठायचा. मी एका कुशीला माझी मुलगी, दुसऱ्या कुशीला गोटू घेऊन पडलेली असे. त्या तीन महिन्यांत त्या पोराने वरचं पाणीसुद्धा चाखलं नाही. मला त्याचा अभिमान होता. गालगुच्चे घ्यावेत असा झाला होता तो.

जूनमध्ये लस द्यायची होती. भिंगरी कामावर, म्हणून दोघांना घेऊन सकाळी मीच गेले. नर्सबाईंनी गोटूला तराजूत ठेवलं आणि खूश झाल्या.

"आई कुठाय याची?"

"कामात आहे."

"वरचं काही देते?"

"थेंबभर नाही."

"पाळी आली?"

"नाही."

"रात्री पाजते ना? का झोपून राहते?"

"रात्री दोन-तीनदा उठतो. दर वेळी अंगावरच."

त्यांनी कागदावर खुणा केल्या. "तरी तिला एकदा पाठव माझ्याकडे," म्हणाल्या. मी "पाठवते" म्हटलं आणि दोनच्या आत कारखाना गाठायचा म्हणून घाईने निघाले. माझ्या उत्तरांत एक अक्षर खोटं नव्हतं. आणि आणखी काही सांगण्यासारखं आहे, असं मला वाटलंच नाही. आमच्या घरात कुठलं पोर कुणाच्या अंगावर पितं, हे कुणी मोजतच नव्हतं. भिंगरीला पाठवायचंही राहून गेलं. तिच्या सुट्टीच्या दिवशी दवाखाना बंद असायचा.

ऑगस्टमध्ये सहा महिने भरले. भिंगरीने रजा टाकली आणि आदल्या दिवशी मला म्हणाली, "जाऊबाई, तुमचा कंदील काही पडला नाही अजून. मलाही एक टांगून घेते." तिचं तिने ठरवलं होतं. धुतलेली साडी काढून ठेवली होती. रस्ताभर ती बडबडत होती, भीती वाटली की तिला जास्तच बोलायला यायचं.

नर्सबाईंनी तिला आत नेलं. तपासायला लागतो तेवढ्याहून जास्त वेळ लागला. मग त्यांनी मला आत बोलावलं. भिंगरी खाटेवर बसली होती, पाय लोंबकळत. नर्सबाई हातमोजे काढत होत्या, एकेक बोट ओढून.

"सहा महिने वरचं दिलं नाही?"

"नाही," मी म्हटलं.

"दोन पाजण्यांत अंतर किती?"

"दीड-दोन तास. त्याला कधी रडू दिलं नाही. दोघींपैकी कुणी ना कुणी असतंच."

त्यांचे हात थांबले. "कुणी ना कुणी म्हणजे?"

मी सांगितलं. मशीन, दोन शिफ्ट, रात्र. सांगताना माझ्या आवाजात अजून थोडा तोरा होता, हे मला आजही ऐकू येतं.

नर्सबाई खुर्चीत बसल्या. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "बाळ उपाशी नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "पण हिचं अंग रोज सोळा-सोळा तास मोकळं होतं. नियम बाळाच्या पोटाचा नव्हता. हिच्या अंगाचा होता. बाळ हिच्याच अंगावर पीत राहिलं तरच बीज तयार व्हायचं थांबतं."

"मग काय झालं?" भिंगरीने विचारलं. तिला कळलं होतं, तरी विचारलं.

"दहा आठवडे झालेत."

पोट पाडायचं तर मोठ्या इस्पितळात जावं लागे, आणि तिथे बारा आठवड्यांपर्यंतच करत. आम्हाला तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. नर्सबाई स्वतः चिठ्ठी घेऊन गेल्या, भाऊजी दोन दिवस तिथल्या खिडकीशी उभे राहिले. तारीख अलीकडे सरकली नाही. आम्ही गेलो तेव्हा डॉक्टरांनी कॅलेंडर बघून मान हलवली.

सासूबाईंनी त्यानंतर आपल्या पाच पोरांचं नाव काढलं नाही. भाऊजी एकदा कपाटाच्या वर हात घालून ते पाकीट काढताना मला दिसले. त्यावर धूळ होती. त्यांनी ती सदऱ्याने पुसली आणि पाकीट परत तिथेच ठेवलं.

भिंगरीचं दूध आटलं. गोटू आता पूर्ण माझ्यावरच. एकदा त्याला माझ्याकडे देताना ती म्हणाली, "खेळायला माझ्याकडे येतो आणि भूक लागली की तुमच्याकडे. जाऊबाई, त्याला आई कोण ते तरी सांगा हं."

"वेडी आहेस का! तूच सांगशील."

"तुम्ही मला झोपू दिलंत," ती म्हणाली. टोमणा नव्हता. तिला खरंच उपकार वाटत होते. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

१९९२च्या जानेवारीत, आठव्या महिन्यात, सकाळी मशीनवरच तिचं अंगावरून जायला लागलं. कारखान्याच्या गाडीतून तिला नेलं. मी इस्पितळात पोहोचले तेव्हा तिला ढकलगाडीवर घातलं होतं आणि कुणीतरी दार उघडायला गेलं होतं. ॲप्रन तिच्या अंगावरच होता, खालचा भाग सगळा भिजलेला. मला बघून ती म्हणाली, "सतराची सुई बदलायला सांगा. टाके सोडतेय."

तेवढंच. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी खरोखरच हात जोडले. पोटातली मुलगी तिच्या आधीच गेली होती.

सासूबाई त्यानंतर चार वर्षं जगल्या, शेवटी शेवटी मला भिंगरी म्हणून हाक मारत. भाऊजींनी दोन वर्षांनी दुसरं लग्न केलं आणि कामासाठी दुसऱ्या गावी गेले. गोटूला त्यांनी नेलं नाही, मीही दिला नाही. माझे यजमान गेले त्याला आता अकरा वर्षं झाली. नर्सबाई निवृत्त होईपर्यंत त्याच दवाखान्यात होत्या. मला कळलं की भिंगरीनंतर त्या प्रत्येकीला विचारायच्या, "बाळ पितं ते तुझंच ना, का घरात आणखी कुणाचं?" बायका हसायच्या म्हणे. कारखाना बंद पडला. गोटूबरोबरची माझी मुलगी परदेशी शिकवते.

गोटू चौतिशीचा आहे. त्याला मी आईचा फोटो दाखवला, आई कोण ते सांगितलं. ती कशी गेली तेही सांगितलं. कशामुळे ते सांगितलं नाही. तो मला आईच म्हणतो. ती हाक ऐकली की दर वेळी वाटतं, ही दुसऱ्या कुणाची तरी होती.

गेल्या वर्षी त्याच्या बायकोला मुलगी झाली. दीड महिन्याने मी सुनेला दवाखान्यात घेऊन गेले. नव्या नर्सने आत बोलावलं तेव्हा सून म्हणाली, "आई, तुम्ही पण चला ना, तुम्हाला सगळं माहीत असतं."

मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आतून प्रश्न ऐकू येत होते. एकेका प्रश्नाला माझ्या तोंडात उत्तर तयार होत होतं, आणि मी पदर दातांत धरून बसले होते.