तरसाची चाल

प्राण्यांना चालवणं हा काकांचा धंदा होता. सर्कशीत नव्हे, ॲनिमेशनच्या स्टुडिओत, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपासून तिसऱ्या टेबलावर. प्राण्यांचे चेहरे दुसरं कुणी काढी, अंगावर केस तिसरं कुणी उगवी, आणि आवाज देणारे दुपारी येऊन, चहा पिऊन, ओरडून निघून जात. पण हत्तीचं वजन जमिनीवर नेमकं कुठे पडतं, म्हातारं गाढव वळताना आधी मान वळवतं की आधी विचार करतं, हे काका ठरवत. स्टुडिओत सगळे त्यांना काकाच म्हणत. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला आणखी काय म्हणायचं, ते कुणाला सुचलं नव्हतं.

नवा सिनेमा पूर्वग्रहांविरुद्ध होता. आधीचा प्रदूषणाविरुद्ध होता. तो बरा चालला, आणि प्रदूषणही.

गोष्ट अशी, की प्राण्यांच्या एका शहरात एक तरस येते. तरस म्हणजे मढी उकरणारी जात, म्हणून तिला कुणी घर देत नाही, कुणी काम देत नाही. शेवटी शहराला आग लागते आणि तीच सगळ्यांना पाठीवर घालून बाहेर काढते. ‘कातडी नको, काळीज बघा’ हे सिनेमातलं वाक्य स्टुडिओच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलं होतं. त्याच्या शेजारी ‘जाताना पंखे बंद करा’ होतं. पाळायचं म्हटलं तर लोक दुसरं पाळत.

तरसाचं अंग पुढून उंच, मागे उतरतं. सगळा भार खांद्यांत. पण सिनेमातले प्राणी दोन पायांवर चालतात, आणि दोन पायांवर चालणारं तरस निसर्गाने काही काढून ठेवलेलं नव्हतं. काका पंधरा दिवस अडून बसले. मग एका सकाळी त्यांची मुलगी कामावर निघाली, आणि तिला दाराकडे जाताना पाहून काकांनी हातातला कप खाली ठेवला.

मुलीला घरात मुंगी म्हणत. जन्मली तेव्हा मूठभर होती. आता एकतीस वर्षांची होती आणि घरसामान हलवणाऱ्या कंपनीत नऊ वर्षं कपाटं उचलत होती. आधी तिचा खांदा यायचा, मग ती यायची. पाऊल सपाट, जमिनीशी व्यवहार रोखठोक. तिची आई लहानपणापासून म्हणत आलेली, “अगं, त्या फरशीनं तुझं काय घोडं मारलंय?”

काकांनी तिला सुट्टीच्या दिवशी गच्चीवर नेलं आणि कॅमेरा लावला.

“माझी कशाला चाल, बाबा? लोक हसतील.”

“हसतील कशाला? हिरॉईन आहे ती.”

“हिरॉईन अशी चालते?”

“ही चालते. ती तरस म्हणजे तूच.”

मुंगी अठरा वेळा गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. अठराव्या फेरीच्या आधी तिनं केस नीट बांधून घेतले. चालीला केसांची गरज नव्हती, पण काकांनी ते तिला सांगितलं नाही.

तरसाचा पहिला शॉट दिग्दर्शकाने तीनदा पाहिला. दिग्दर्शक काकांचा मुलगा शोभेल अशा वयाचा होता, आणि स्वभावाने खरोखर चांगला.

“काका, जबरदस्त! फक्त ही बाई वाटत नाही हो.”

“तरस आहे.”

“तरस असू द्या ना! पण लोकांचा जीव जडला पाहिजे तिच्यावर. जरा नाजूक करा. जरा कंबर... तुम्हाला कळतंय.”

काकांना कळत होतं. आठवडाभरात तरसाला कंबर आली, लांब पापण्या आल्या, आणि ती टाचा न टेकवता चालू लागली. लढाई एका वेळी एकाच पूर्वग्रहाशी करावी, असं जाहिरात विभागाचं मत पडलं.

“आणि ती पहिली चाल फेकू नका हां,” दिग्दर्शक म्हणाला, “गेंडिणीला चढवा. धमाल येईल.”

गेंडीण म्हणजे सिनेमातल्या वसतिगृहाची अधीक्षक. वय झालेली, लग्नाला उतावीळ. ती आली की सगळे नर पळत सुटतात, एवढंच तिचं काम. एका प्राण्याची चाल काढून दुसऱ्यावर चढवायला संगणकाला चार सेकंद लागतात. ‘नाही’ म्हणायला त्याहून कमी लागतात. काका म्हणाले, “बघतो.”

घरी त्यांनी सांगितलं नाही. योग्य वेळ बघून सांगू, असं म्हणण्यात आठ महिने गेले. शिवाय त्यांना वाटलं, ओळखणार कोण? लोक चेहरा बघतात, कपडे बघतात. चाल कुणी बघत नाही. या बाबतीत त्यांचा अनुभव पंचवीस वर्षांचा होता आणि चुकीचा होता.

सिनेमा लागला त्या रविवारी सकाळच्या खेळाला मुंगी कंपनीतल्या सहा जणांना घेऊन आली. “माझी तरस बघायला चला,” असं तिनं सगळ्या गोदामाला सांगितलं होतं. तिच्या शेजारी त्यांचा मुकादम बसला होता, ज्याला सगळे उस्ताद म्हणत. काका तिच्या दुसऱ्या बाजूला.

तरस आली. कंबर आधी आली.

मुंगी पुढे वाकून पाहू लागली. “बाबा, ही मीच ना?” ती कुजबुजली.

“थोडं बदललंय,” काका म्हणाले.

“थोडं?”

मग वसतिगृहाचं दार धाडकन उघडलं आणि गेंडीण आत आली. आधी खांदा, मग ती. पावलागणिक ढोलाचा आवाज घातला होता. सगळं थिएटर हसलं, लहान मुलं तर खुर्च्यांवर उभी राहिली.

आता, कपाट दोघं उचलतात. पुढचा रस्ता बघतो, मागचा पुढच्याचे पाय बघतो. उस्ताद नऊ वर्षं मागे होता.

“अरे!” तो आनंदाने ओरडला, “ही तर आपली मुंगी!”

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. घरचं माणूस पडद्यावर दिसावं, तसा तो खूश झाला होता. ओळीतल्या पाचही जणांनी वळून मुंगीकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं, आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुंगीही हसली. गेंडीण जितक्या वेळा आली तितक्या वेळा हसली, सगळ्यांत मोठ्याने. शेवटी तरसाने शहर वाचवलं आणि कातडी-काळजाचं ते वाक्य म्हटलं, तेव्हा थिएटरात बरेच जण रडत होते. मुंगी तेव्हा काहीच करत नव्हती.

“छान झालाय,” बाहेर आल्यावर ती म्हणाली. “गेंड्याची कातडी आहे माझी. तू नको तोंड पाडूस.”

तीन आठवड्यांनी उस्तादचा फोन आला.

“काका, मुंगीची पाठ दुखतेय का हो? हल्ली पाय मोजून टाकते. मागून ताल जुळत नाही, परवा फ्रीज हातातून सुटता सुटता राहिला. आणि आज ऑफिसात टेबलाचं काम मागून घेतलंय तिनं. मी काही चुकीचं बोललो का त्या दिवशी?”

“नाही, उस्ताद,” काका म्हणाले. “तुम्ही नाही.”

दुसऱ्या दिवशी ते स्टुडिओत लवकर गेले. तरसाचा तो पहिला शॉट शोधायचा होता. मुंगीसमोर ठेवून म्हणायचं होतं, हे बघ, मला तू अशी दिसली होतीस. पण स्टुडिओत जागा वाचवायला एका शॉटची एकच फाईल ठेवत. नवी आली की तिच्याखाली जुनी पुसली जाई. तरस उघडली की पापण्याच यायच्या. गेंडिणीवरची चाल तर हसवण्यासाठी फुगवलेली होती. गच्चीवरचं चित्रण तेवढं होतं. त्यात मुंगी होती, तरस नव्हती.

संध्याकाळी ते तिच्या खोलीत गेले. ती कामाचे जाड तळव्यांचे बूट कागदात गुंडाळत होती.

“माझं चुकलं, मुंगी. मी नाही म्हणायला हवं होतं.”

“मला खोटं कशाला सांगितलंस? आधीच म्हणायचं, विनोदी बाई हवीये, चाल. मी चालले असते. केस तरी नसते बांधले.”

“खोटं नव्हतं ते. तरसच होतीस तू. त्यांनी बदललं.”

“दाखव मग.”

“पुसलं गेलंय.” मग घाईने म्हणाले, “मी परत करतो ना. रात्रंदिवस बसून करतो, जशीच्या तशी.”

मुंगीने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही, एखाद्या जिन्यातून कपाट जाईल की नाही, याचा अंदाज घेताना पाहतात तसं.

“आत्ता केलंस तर ते आत्ताचं होईल ना, बाबा.”

काकांनी दुसरा बूट उचलून तिच्या हातात दिला.

“असेल,” ती म्हणाली. “तू म्हणतोयस तर ती आधी माझ्यासारखी असेलही.”

बुटांचं पुडकं घेऊन ती बाहेर गेली. जाताना तिनं दार इतकं हळू लोटलं की ते लागलंच नाही. काकांनी उठून लावलं.