जड दूध, हलकं दूध

मी लॅक्टोमीटर बोलतोय. नाव अवघड वाटत असेल तर 'डिग्री' म्हणा. आमगाव तालुक्यातल्या ज्या गावात माझं आयुष्य गेलं, तिथे मला सगळे हेच म्हणतात. "दुधाले डिग्री लाव" असं कोणी म्हटलं की मला उचलतात आणि दुधात सोडतात. मी थोडा बुडतो, थोडा वर येतो, आणि जिथे थांबतो तो आकडा त्या दुधाचा. माझं सगळं बोलणं एवढंच. या वर्षी त्या आकड्यामुळे एका बाईचे चार महिने वाया गेले. चूक माझी होती की नव्हती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी काचेचा आहे. दूर उत्तरेकडे एका कारखान्यात एका माणसाने फुंकर घालून माझं पोट फुगवलं, त्यात शिशाचे बारीक छर्रे घातले, मानेत आकड्यांची कागदी पट्टी सरकवली आणि तोंड वितळवून बंद केलं. छर्रे नसते तर मी दुधावर आडवा पडलो असतो. सरळ उभं राहायला मला पोटात ओझं लागतं. तरीही मी कधी पूर्ण स्थिर होत नाही. भांड्याला नुसता धक्का लागला तरी अर्धा आकडा हलतो. स्वभावच तसा.

गावातल्या दूध संकलन केंद्रावर मनिराम नावाचा माणूस होता. शिकला दहावीपर्यंत, पण दुधातलं त्याला फार कळतं असं लोक मानत. रोज सकाळी रांगेतल्या प्रत्येक चरवीत तो मला सोडायचा, डोळा माझ्या मानेच्या रेषेत आणायचा आणि मोठ्याने आकडा सांगायचा. अठ्ठावीसच्या वर असेल तर मान डोलवायचा. खाली गेला तर म्हणायचा, "भाऊ, म्हशीले पानी पाजजा, दुधाले नोको."

त्याचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता. हीच भीती होती मला. कारण मी खरं सांगतो, पण सगळं सांगू शकत नाही. पाणी दुधापेक्षा हलकं, म्हणून पाणी घातलं की माझा आकडा उतरतो. साय त्याहूनही हलकी, म्हणून साय काढली की आकडा चढतो. आता कोणी साय काढून घेतली आणि तेवढंच बेताने पाणी घातलं, तर चढ-उतार एकमेकांत जिरतात आणि मी मुकाट्याने 'चांगलं दूध' असा आकडा दाखवतो.

केंद्रावर दूध घालणाऱ्या छोटेलालने हेच केलं. वर्षभर त्याचं दूध एकोणतीस भरत होतं. पुढे वरच्या तपासणीत फॅट कमी असल्याचं पकडलं गेलं आणि ठपका आला मनिरामवर. तेव्हापासून 'मलई काढलेलं दूध' हे शब्द ऐकले की त्याच्या कपाळाला आठी पडायची. त्याच्या लेखी ते दूध नव्हतं, बेइमानी होती. मला मात्र त्याने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

मग केंद्रावर विजेवर चालणारं मशीन आलं. फॅट, पाणी, सगळं अर्ध्या मिनिटात. मनिराम निवृत्त झाला आणि मला दुपट्ट्यात गुंडाळून घरी घेऊन आला. घरी भुरी नावाची म्हैस होती. सवयीप्रमाणे रोज सकाळी तिच्या दुधात तो मला सोडत राहिला. त्याची बायको प्रेमिला हसायची.

"आपल्याच म्हशीवर शंका घेऊन राहिले का जी? भुरी कायले पानी घालन?"

"शंका नाही वो. हात थांबत नाही."

सून नीतू बी.एस्सी. झालेली. तिचा नवरा गुड्डू ट्रक चालवतो, कोहमाऱ्याच्या धाब्यावरून त्याचा फोन येतो, बाकी घरात हे तिघंच. प्रेमिला म्हणायची, "माह्या घरी दोन डिगऱ्या. एक सुनेची, एक ह्या कांडीची. अन् ऐकतात कोनाचं? कांडीचं."

हे ती हसत म्हणायची, पण आता गोष्ट हसण्याची राहिली नव्हती. प्रेमिलाचे दोन्ही गुडघे गेले होते. एके काळी धानाची रोपं लावायच्या, रोवण्याच्या दिवसांत बायांच्या रांगेत ती सगळ्यांच्या पुढे असायची. आता स्वयंपाकघरातून अंगणात यायला तिला भिंत धरावी लागे. खाली बसली की उठवायला माणूस लागे, आणि संडासाला जाताना नीतूला दाराबाहेर उभं राहावं लागे. त्याची तिला सगळ्यात जास्त लाज वाटायची. उन्हाळ्याच्या तोंडाशी, मोहफुलं पडायच्या दिवसांत मनिराम तिला गोंदियाला घेऊन गेला. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल; पण वजन शहाऐंशी आहे, ते अठ्ठ्याहत्तरपर्यंत आणा. त्याशिवाय भूल देण्यात धोका आहे आणि नवे गुडघेही टिकायचे नाहीत. दिवाळीनंतर या.

सोबत खाण्यापिण्याचा कागद होता. भात अर्धा. तळलेलं बंद. आणि एक ओळ: दूध, साय काढलेलं.

मनिरामने ती ओळ तीनदा वाचली.

"मलई काढलेलं? हे बिमार माणसाले देतात का?"

"बाबूजी, डॉक्टरनं लिहिलं हाय," नीतू म्हणाली.

"डॉक्टरले दुधातलं का समजते? थांब."

त्याने दोन भांडी घेतली. एकात भुरीचं सकाळचं दूध. दुसऱ्यात तापवून, गार करून, साय काढलेलं. मला आधी पहिल्यात सोडलं. एकोणतीस. पुसलं, दुसऱ्यात सोडलं. मी वर उचलला गेलो. तेहेतीस.

त्या क्षणी मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण मी मानेवर तेहेतीस घेऊन उभा होतो आणि मनिरामचा चेहरा उजळला होता.

"पाहा! मलई काढलेलं दूध जड भरते. चार डिग्री जड! अन् आपल्याले वजन कमी करायचं हाय. जड दूध पिऊन वजन कमी कसं होईन?"

नीतू तेव्हा गोठ्यात गेली होती. प्रेमिलाला साय आवडायची, ती कशाला वाद घालेल? दुसऱ्या दिवसापासून मनिराम स्वतःच तिला सायीसकट दूध देऊ लागला. आणि ते 'हलकं' म्हणून एका पेल्याऐवजी दोन मोठे पेले.

मी रोज सकाळी एकोणतीस सांगत होतो आणि मनिराम रोज समाधानाने मान डोलवत होता. आकडा खोटा नव्हता. साय पाण्यावर तरंगते म्हणून ती मला हलकी वाटते. पण माणसाचं पोट म्हणजे काही पाण्याचं भांडं नव्हे. पोटात गेल्यावर तीच साय सगळ्यात जास्त टिकते. मी तरंगणं मोजतो. अंगावर काय चढेल हे मोजायला मला कोणी बनवलंच नाही. पण हे कुणाला सांगणार? माझ्या पट्टीवर शब्द नाहीत.

दोन महिन्यांनी आमगावात वजन केलं. सत्त्याऐंशी.

प्रेमिला घरी येऊन खाटेवर बसली. म्हणाली, "मी अर्धाच भात खाऊन राहिली जी. उपाशी झोपून राहिली. मंग हे कुठून आलं?"

तेव्हा नीतूने चौकशी केली आणि मनिरामने अभिमानाने माझा पुरावा पुढे केला. ती कपाळाला हात लावून बसली. मग उठली, वरणाची वाटी आणली आणि तिच्यात तेलाचे चार थेंब टाकले.

"तेल वर काऊन राहिलं, बाबूजी?"

"हलकं असते मनून."

"मंग हलकं हाय मनून वाटीभर तेल पिता का?"

मनिरामने वाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपण ज्याला साक्षीला बोलावलं त्याला प्रश्नच चुकीचा विचारला, हे कळल्यावर माणूस जसा पाहतो, तसं. मी कोपऱ्यातल्या पेल्यात उभा होतो. मला बुडून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून साय काढलेलं दूध सुरू झालं. त्याने स्वतःच्या हाताने चमच्याने साय काढली. पण हात असा जड की जणू स्वतःच्याच घरात चोरी करतो आहे. प्रेमिला ते निळसर दूध नाक मुरडून प्यायची. "धुवन हाय हे," ती म्हणायची, म्हणजे तांदूळ धुतलेलं पाणी. तरी प्यायची. मी तेहेतीस सांगत होतो. आता सगळं ठीक होईल असं मलाही वाटलं.

रोवणी संपली. पुन्हा वजन केलं. पुन्हा सत्त्याऐंशी. तसूभर कमी नाही.

या खेपेला प्रेमिला रडली. मोठ्याने नाही. पदर तोंडाला लावून म्हणाली, "राहू द्या आता. मले नाही करायचं आपरेशन. भिंत धरून चालीन, अन् एक दिवस भिंतीपाशीच पडीन."

मनिराम उगाच दुधाच्या गंजावरचं झाकण उघडत-लावत राहिला. मीही अस्वस्थ होतो. साय तर गेली होती. माझा आकडा साक्षीला होता. मग गेली कुठे? दुधातून गेलेली वस्तू घरातूनही जाते, असं थोडंच आहे?

उत्तर प्रेमिलालाच सापडलं, आठ दिवसांनी. सणाच्या पोळ्यांसाठी तिने तुपाची बरणी मागवली. नीतू रिकामी बरणी घेऊन आली.

"काल-परवाच कढवलं होतं न वो?"

"होय, आई. मलई साचली की दर आठ दिवसांनी कढवतो."

"मंग खाते कोन? तुले तूप आवडत नाही. ह्यांच्या औषधाच्या कागदावर तूप बंद हाय. गुड्डू घरी नाही."

मनिराम दाराच्या चौकटीकडे पाहू लागला.

"जी?"

"थोडंसंच," तो म्हणाला. "तुह्या भातावर. वरणात मुरते, दिसत नाही. तू अर्धा भात खाते. मलई बी गेली. मले वाटलं कमजोरी येईन. आपरेशन हाय न."

"थोडंसं मनजे किती?"

"मोठा चमचा. दोन टाइम."

मला वाटलं, आता प्रेमिला रागावेल. पण तिच्या पोटातून आधी हसूच फुटलं, असं की खाट कुरकुरली. "अवो बापा! वरून काढलं अन् खालून घातलं! छोटेलाल तरी दुसऱ्याले फसवे. तुम्ही तर घरच्याच माणसाले फसवलं जी!"

मनिराम इतका खजील झाला की मला त्याची दया आली. केंद्रावरची इतकी वर्षं त्याने लोकांना पकडलं होतं. आज त्याला बायकोने पकडलं, तेही मशीनशिवाय.

हसून झाल्यावर प्रेमिलाने डोळे पुसले आणि जे बोलली ते मी माझ्या पट्टीवर कोरून ठेवलं असतं. ती म्हणाली, "तुम्ही डिग्री पाहिली, हिनं पुस्तक पाहिलं, डॉक्टरनं कागद लिहिला. मले कोनीच विचारलं नाही, मी काय पेऊ शकतो. हे निळं पानी पेऊन माह्यं पोट भरत नाही. मंग मी दुपारी मुरमुरे खातो, मुठी मुठीनं, तुम्हाले माहीत नाही. मले सकाळी एक लहान कप द्या, मलईसकट. एकच. पन तूप नाही, मुरमुरे नाही, चोरून काहीच नाही."

नीतूने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, साय काढलेलं घेतलं तर बरं. पण दिवसाचं सगळं मोजून त्यात एक लहान कप बसत असेल तर हरकत नाही. जे पाळता येईल तेच ठरवा. मला हे ऐकून जरा मोकळं वाटलं, आणि जरा अधिक काळजीही. म्हणजे दोन दुधांत एक बरोबर आणि एक चूक, असा आकडा कुठेच नव्हता तर. दुसऱ्या घरात, दुसऱ्या बाईला कदाचित साय काढलेलंच सोसेल. मी कोण ठरवणारा?

प्रेमिलाचं वजन उतरू लागलं. हळूहळू, कधी महिन्याला दोन, कधी तीन. धानाची कापणी झाली, दिवाळी झाली, गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरली. मंडईत नीतूने गरम जिलेबी आणली, तर प्रेमिलाने अर्धं वेटोळं खाल्लं आणि उरलेलं मनिरामच्या हातावर ठेवलं. "पहारा ठेवजा माह्यावर," म्हणाली. मनिरामने ती जिलेबी स्वतःही खाल्ली नाही. भुरीला दिली.

परवा ते गोंदियाला जाऊन आले. मी दिवसभर रिकाम्या घरात पेल्यात उभा होतो आणि दुधाचा थेंब नसतानाही हलतोय असं मला वाटत होतं. संध्याकाळी फाटक वाजलं. एकोणऐंशी. एक किलो जास्तच. पण डॉक्टरांनी सगळे कागद उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, चालेल. येत्या गुरुवारी दाखल व्हा.

काल सकाळी मनिरामने धार काढली. सवयीने मला उचललं, दुधावर धरलं. मग तो थांबला आणि मला तसाच कोरडा परत ठेवून दिला. कप हातात घेऊन त्याने आत हाक मारली.

"प्रेमिला, किती देऊ?"

"भरून नोको. दोन बोटं खाली."

त्याने तेवढंच ओतलं.

आता मी फळीवर आहे. गुरुवार उद्या आहे. आतल्या खोलीत नीतू पिशवी भरते आहे आणि मनिराम तेच कागद तिसऱ्यांदा मोजतो आहे. ऑपरेशन नीट होईल का, बाई भिंतीशिवाय अंगणात येईल का, हे मला सांगता येत नाही, आणि न सांगता येण्याचा त्रास होतो. तुमच्या घरी माझ्यासारखं काही असेल, काटा, मीटर, फोनमधला आकडा, तर त्याला जरूर विचारा. खोटं बोलणार नाही ते. फक्त ज्याच्या तोंडी घास जायचा आहे, त्याला आधी विचारा. आम्ही थांबू. आम्हाला घाई नसते, नुसती धाकधूक असते.