हेंगेलोपर्यंतचा पेपर

वीत्स्के बाईंच्या शाळेला चाकं होती. जत्रा उठली की शाळाही उठायची आणि पुढच्या गावी पाळण्यांच्या मागे जाऊन उभी राहायची. जत्रावाल्यांची पोरं दर पंधरा दिवसांनी गाव बदलणार, त्यांना कुठली शाळा दाखल करून घेणार? म्हणून ही लांबडी पांढरी वर्गगाडी. आत आठ बाकं, एक फळा आणि युरोपचा नकाशा. गाडीला स्वतःचं इंजिन नव्हतं, कुणाच्या तरी ट्रकमागे जोडून जायचं. बाईंनी अकरा वर्षं अशीच काढली होती. वर्षभर खिडकीतून तेच ते झाड बघायची वेळ आली असती तर त्यांना वेड लागलं असतं.

त्या सोमवारी मात्र वर्गात एकच मुलगी बसली होती, रोमाना. साखळीला लटकून गोल फिरणारे पाळणे चालवणाऱ्या घरातली, बारा वर्षांची, कोपरापर्यंत ग्रीस आणि वहीवर शाईचा एक डाग नाही. तिला झ्वोलं शहरातल्या तंत्रशाळेत जायचं होतं. फेब्रुवारीतल्या प्रवेशपरीक्षेच्या दिवशी ती कांजिण्यांनी फणफणली होती. बाईंनी सतरा पत्रं लिहिली, तेव्हा कुठे शाळेने एक शेवटची संधी दिली. परीक्षक वर्गगाडीत येणार, नव्वद मिनिटांचा एकच पेपर. तो बुडाला तर जागा दुसऱ्याला.

परीक्षक ओस्टरहोफ साहेब उंच होते, करड्या कोटातले, आणि त्यांच्या चेहऱ्यालाही इस्त्री केलेली असावी असं वाटत होतं. ते सगळ्यांचे फोन बिस्किटाच्या डब्यात घालून आपल्या मोटारीत ठेवून आले आणि मग त्यांनी पुस्तिकेतले नियम वाचले. परीक्षार्थीने खोली सोडायची नाही. बाहेरच्या कुणी आत यायचं नाही. यातलं एक जरी झालं तरी पेपर रद्द.

"बाहेर फारच आवाज आहे हो," ते म्हणाले. बाहेर देव्हेंटरची जत्रा उठत होती. लोखंडावर लोखंड आपटत होतं आणि लोक एकमेकांच्या आयांची विचारपूस करत होते. "जरा थांबा म्हणून सांगता येणार नाही का यांना?"

"साहेब, यांना देवाने सांगितलं तरी थांबणार नाहीत. संध्याकाळपर्यंत हेंगेलोला पोचायचंय."

"मग निदान हे बंद करू." आणि साहेबांनी दारातली शिडी आपल्या हातांनी आत ओढली, दार लावलं, खिडक्यांची झाकणं पाडली. छतातल्या काचेतून तेवढा उजेड राहिला. पाकीट फुटलं. घड्याळ सुरू झालं.

आवाज बराच कमी झाला आणि रोमानाचा हातच थांबला. बाई मागच्या बाकावरून बघत होत्या. पाच मिनिटं, दहा, पंधरा. पोरगी पेन धरून भिंतीकडे बघत बसलेली, कागद कोराच. हिला हे सगळं येतं हो, बाईंना ओरडून सांगावंसं वाटत होतं. हीच मुलगी मागच्या आठवड्यात गिरक्या घेणाऱ्या बग्ग्यांच्या कल्लोळात अपूर्णांक सोडवत होती. पण अशा दाबून ठेवलेल्या शांततेत ती जन्मात कधी बसली नव्हती. वीस मिनिटं झाली आणि बाईंना रडू यायला लागलं.

तेवढ्यात खालून खट् असा आवाज आला. मग दुसरा.

बाईंनी तो लगेच ओळखला. जत्रेत एक रीत आहे, कुणी लिहून ठेवलेली नाही पण सगळे पाळतात. उठायच्या दिवशी ज्या गाडीची शिडी आत आणि झाकणं बंद, ती निघायला तयार. ज्याचा ट्रक रिकामा असेल त्याने ती जोडायची आणि चालू पडायचं, मालकाला शोधत हिंडायचं नाही. अकरा वर्षं जत्रेत राहिलेल्या बाईला शिडी आत जाताना हे आठवू नये, म्हणजे काय म्हणावं. त्या उठल्या, भिंतीवर हाणायला मूठ उगारली, आणि गाडी चालू लागली.

रोमानाचं पेनही चालू लागलं.

बाईंची मूठ तशीच हवेत राहिली. पोरीने मान खाली घातली होती, पाय गाडीच्या लयीत हलत होते आणि ओळीमागून ओळ उतरत होती.

"बाई," ओस्टरहोफ साहेब कुजबुजले, "ही खोली निघाली आहे."

"हो, दिसतंय मला."

"थांबवा ना मग. आपटा काहीतरी."

"हा आवाज गेर्टच्या ट्रकचा. आपटलं की तो दार उघडून आत येणार. हिचा काका, विचारणारा नव्हे. म्हणजे पेपर रद्द." बाईंनी त्यांची बाही धरली. "वीस मिनिटं कोरा होता कागद. आता बघा तिच्याकडे. तिने खोली सोडली का?"

"नाही."

"कुणी आत आलं?"

"नाही. पण खोलीने देव्हेंटर सोडलं."

"त्याला नियम आहे?"

साहेबांनी पुस्तिका पुढून वाचली, मागून वाचली, मुखपृष्ठही वाचलं. "नाही," ते हळूच म्हणाले. "छापणाऱ्यांना सुचलं नसावं."

पुढचा जवळजवळ एक तास बाईंना जन्मभर पुरला. पहिल्याच वळणावर खडूंचा डबा सांडला आणि खडू गडगडत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊन परत येऊ लागले. दुसऱ्या वळणावर नकाशाची वरची खुंटी सुटली आणि नॉर्वेसकट सगळा उत्तर भाग साहेबांच्या डोक्यावर आला. ते बिचारे बालवर्गाच्या स्टुलावर बसले होते, गुडघे हनुवटीला लागलेले. ब्रेक लागला की ते स्टुलासकट फळ्यापर्यंत सरकायचे आणि वेग आला की तितक्याच अदबीने माघारी यायचे. दर खेपेला रोमानाच्या बाकाशी आले की घड्याळात बघून वेळ सांगायचे. "पन्नास मिनिटं उरली." सर्र. "एकोणपन्नास." त्यांचा चेहरा काकडीच्या रंगावर गेला होता, तोंडात पेपरमिंटची गोळी होती. बाईंनी हसू दाबायला रुमालाचा बोळा तोंडात कोंबला, तरी खांदे गदगदत होते. शेवटी साहेबांनाही हसू फुटलं. इस्त्री पार उतरली.

मग गाडी थांबली. हेंगेलो आलं होतं.

पेनही थांबलं. पोरीने भिंतीकडे बघितलं आणि बाईंचं हसू जागच्या जागी विरलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. सोळा मिनिटं बाकी होती. बाहेर बूट वाजले, दाराची कडी हलली.

बाई उठायच्या आत साहेब उठले. इतक्या लांब पायांचा माणूस इतका चपळ असेल असं कुणाला वाटलं नसतं. त्यांनी आतून दाराची मूठ गच्च धरली आणि शेजारच्या खिडकीचं झाकण बोटभर उचललं.

"आत यायचं नाही," ते म्हणाले.

गेर्टकाका बाहेर खिळल्यासारखा झाला. "आत कोण मेलंय रे?"

"परीक्षा चालू आहे. मी परीक्षक."

"देव्हेंटरपासून?"

"देव्हेंटरपासून. थांबलात कशाला तुम्ही?"

"अहो, गाव आलं ना."

"गाव येऊ दे. सोळा मिनिटं आहेत अजून. गाडी फिरवत राहा."

"फिरवू कुठे?"

"गोल," मागून बाई ओरडल्या. "गेर्ट, मैदानाभोवती गोल फिरव आणि तोंड बंद ठेव."

गोल फिरवायचं हे त्या घराण्याला दोनदा सांगावं लागत नाही. गेर्टने हेंगेलोच्या रिकाम्या मैदानावर वर्गगाडीच्या पंधरा फेऱ्या मारल्या. तंबू ठोकायला आलेली माणसं हातोडे खाली ठेवून बघत राहिली. आत खडू गोल फिरले, नॉर्वे गोल फिरलं, साहेब फळ्याची चौकट धरून उभे राहिले आणि रोमाना शेवटचं गणित सोडवत राहिली.

"वेळ संपली," साहेब म्हणाले. गाडी थांबली तरी त्यांना ती फिरतच असल्यासारखी वाटत असावी, कारण पेपर घ्यायला त्यांनी आधी हवेतच हात मारला. मग बाकावर बसून त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला.

"पहिला प्रश्न सोडलाय," ते म्हणाले. "बाकीचे बरोबर आहेत. आमच्याकडे यापेक्षा कमी गुणांवर घेतात." त्यांनी सही केली.

बाईंनी रोमानाला धरायला हात पसरले, पण पोरगी जागची हलली नाही.

"सर," ती म्हणाली, "तुमची शाळा हलत नाही ना?"

"नाही. दगडी आहे."

"मग मी तिथे अशीच बसून राहीन. सुरुवातीला बसले होते तशी."

सतरा पत्रं लिहिताना हे बाईंच्या मनातही आलं नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

ओस्टरहोफ साहेबांनी कोटावरची खडूची पूड झटकली. "तिथल्या माझ्या वर्गाच्या मागून रेल्वे जाते," ते म्हणाले. "खिडक्या थरथरतात, फळा हलतो. तो वर्ग बदलून द्या म्हणून मी नऊ वर्षं अर्ज करतोय."

रोमानाने मान वर केली. "किती वेळाने जाते?"

"दर बारा मिनिटांनी."

तिने मनाशी हिशोब केला. "अर्ज मागे घ्याल, सर?"

"परत गेलो की आधी तेच करतो," साहेब म्हणाले.