शेवटच्या माणसामागे

शर्यतीत जो सगळ्यांत शेवटी असतो त्याच्याही मागे एक माणूस लागतो. त्याने पुढे जायचं नाही, थांबायचं नाही, शेवटच्याला एकटं सोडायचं नाही. बुंग साके तळ्याच्या शर्यतीत हे काम तिसऱ्या वर्षीही लामदुआनच्याच गळ्यात पडलं. ती गावची आरोग्य स्वयंसेविका. "तुझा स्वभाव शांत आहे, तुलाच जमेल," असं मुखिया दर वर्षी म्हणायचा. स्वभावाचा काही संबंध नव्हता. लामदुआनला नाही म्हणता येत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, एवढंच.

बावन्न वर्षांची बाई. तीनला उठून तिने आईची कूस बदलली होती, तिला पुसून घेतलं होतं, शाळेच्या स्वयंपाकघरासाठी चिकट तांदूळ भिजत घातले होते. मग पिवळं जाकीट चढवलं, औषधांची पिशवी खांद्याला लावली आणि अंधारातच, शर्यत सुटते त्या दक्षिण दरवाजाशी येऊन उभी राहिली. बारा किलोमीटर चालायच्या विचारानेच तिच्या पोटऱ्या दुखायला लागल्या होत्या.

साडेपाचला भोंगा झाला. सहाशे माणसं हसत-ओरडत तळ्याच्या बांधावर धावत सुटली आणि पाण्यावरच्या धुक्यात दिसेनाशी झाली. मागे उरला एक म्हातारा. सत्तरीचा, बारीक, एका गुडघ्याला पट्टा, छातीवर चारशे नऊ नंबर. तो धावत होता म्हणायचं, पण लामदुआन नुसती चालून त्याच्या बरोबरीने होती.

"माझ्यामुळे तुमची सकाळ फुकट जाणार," तो म्हणाला.

"जाऊ दे, काका. तुम्ही आपल्या चालीने चला."

त्यांच्याही मागून गावातला थोंगडी पिकअप घेऊन येत होता. ज्यांचा दम संपेल त्यांना उचलायचं आणि वाटेवरच्या पाट्या गोळा करायच्या, हे त्याचं काम. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ताई, आजोबांना सांग, गाडीत पंखा आहे, गाणी आहेत, उकडलेली अंडी आहेत. शर्यतीत काय आहे?"

"तुझी बडबड नाही," लामदुआन म्हणाली. म्हातारा हसला, आणि हसण्यात त्याचा श्वास तुटला. तिने पिशवीतून वासाच्या औषधाची नळी काढून त्याच्या हातात दिली. ती नाकाशी धरून तो पुढे निघाला.

बांध संपेपर्यंत उजाडलं. कमळं उघडायला लागली होती. पलीकडच्या काठावर म्हशी पाण्यात उतरत होत्या. लामदुआनला यातलं काही बघायची हौस नव्हती. तळ्यावरून फिरलेली वाट खंदकाला लागून जुन्या नगरात शिरते. तिथे विटांचे पडके स्तूप आहेत, छप्पर गेलेल्या देवळाचे खांब ओळीने उभे आहेत, आणि मधे छान कापलेलं हिरवंगार गवत. सहाव्या किलोमीटरला आयोजकांनी पाटी लावली होती : हसा, इथे फोटो निघतो! एका आंब्याखाली फोटोवाला स्टूल टाकून बसला होता. तो आंबा तिच्या वडिलांनी लावलेला. त्या गवताच्या जागी त्यांचं अंगण होतं. दर वर्षी या जागी लामदुआन आपल्या बुटांकडे बघत चालायची, आणि वाट संपायची.

म्हातारा मात्र थांबला.

"इथे विहीर होती," तो म्हणाला. "दगडी कठड्याची. आणि कोंबड्या, बापरे, किती कोंबड्या! चव्वेचाळीस घरं होती या देवळांच्या मधे. मीच मोजली होती."

"तुम्ही?"

"नोकरीच होती ती. अठ्ठावीस वर्षांचा होतो. या जागेचं उद्यान करायचं ठरलं होतं, घरं हलवायची होती. मी टेप घेऊन दारोदार फिरायचो. प्रत्येक घराच्या खांबावर चुन्याने आकडा घालायचा." त्याने तोंडावरचा घाम पुसला. "या शर्यतीची जाहिरात बघितली, मुलीच्या दवाखान्याच्या भिंतीवर. म्हटलं, एकदा जाऊन यावं. विचियन माझं नाव. इथे कुणाला आठवत नसणार."

लामदुआनच्या घराचा आकडा सतरा होता. तेव्हा ती नऊ वर्षांची. घर उतरवून तेच खांब नव्या वस्तीत नेऊन उभे केले होते, आणि सतराचा खांब आता स्वयंपाकघरात होता. चुना कधीच उडाला, पण आई त्या खांबाला अजून सतराच म्हणायची : "सतराला टोपली अडकव." विचियन हे नाव लामदुआनने लहानपणी इतक्यांदा ऐकलं होतं, की तो माणूस धिप्पाड, मिशाळ असेल असं तिने मनाशी धरलं होतं. हा तर वाऱ्याने पडेल असा होता.

ते पुढे निघाले. राग येईल म्हणून तिने थोडी वाट पाहिली. राग आला नाही. पाय तेवढे जड झाले.

"तुम्ही इथल्याच का?" त्याने विचारलं.

"नव्या वस्तीतली."

त्याच्या पावलांचा ताल चुकला. थोडं अंतर गेल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "पाणी आलं का तिथे?"

"आलं."

"कधी?"

"मी पंधराची झाले तेव्हा. सहा वर्षांनी. तोवर या तळ्यावरून आणायचो. मी आणि आई, कावडीने, रोज दोन खेपा. बाबांनी तीन विहिरी खणल्या. तिन्ही कोरड्या."

विचियन उभाच राहिला. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून वाकला. मागे थोंगडीने गाडी थांबवली आणि भोंगा वाजवला.

"काय गं ताई, वरात अडली का?"

"गप बस रे!" ती अशी ओरडली की थोंगडीने गाणंच बंद केलं.

"महिन्याभरात नळ येतील असं मी प्रत्येक दारात सांगितलं होतं," विचियन खाली बघतच म्हणाला. "मला तसंच सांगितलं होतं वरून. मी तीनदा लिहिलं, ताई. मग बदली झाली. चौथ्यांदा नाही लिहिलं. तुमचं घर कितवं?"

"सतरावं."

त्याने डोळे मिटले. मग मान हलवली. "नाही आठवत. खोटं कशाला बोलू? कोंबड्या आठवतात, विहीर आठवते. माणसं नाही आठवत."

"नका आठवू. आठव्या किलोमीटरला सव्वासातच्या आत पोचायचंय, नाहीतर बाद करतात."

"मी गाडीत बसतो. झालं माझं." त्याने डोळे पुसले.

तो गाडीत बसला असता तर तीही बसली असती. अर्ध्या तासात घरी असती. पण थोंगडीने विचारलं असतं, आजोबा का रडतायत? मग ते सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत अख्खं गाव दारात येऊन बसलं असतं, प्रत्येकाचा राग वेगळा घेऊन. त्यापेक्षा चालणं सोपं होतं.

"चला," ती म्हणाली. "पाचच राहिलेत."

आठव्या किलोमीटरच्या टेबलापाशी ते पोचले तेव्हा सात वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. तिथली मुलगी घड्याळ दाखवायला लागली.

"चार मिनिटं उशीर, मावशी. नियम आहे."

"घड्याळ तुझं पुढे असेल."

"फोनचं घड्याळ आहे, मावशी."

"मग फोन पुढे असेल. पाणी दे त्यांना."

मुलीने एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं, एकदा लामदुआनकडे, आणि पाण्याचा पेला पुढे केला.

त्यानंतरची वाट उसाच्या शेतांमधून होती. ऊन चढलं होतं. विचियन आता चालतच होता, पाय ओढत. एका वळणावर तो म्हणाला, "तुमचे आईवडील आहेत?"

"वडील गेले. आई आहे. अंथरुणाला खिळलीय."

"मला त्यांच्याकडे घेऊन जाल? पाया पडेन म्हणतो. माफी मागेन."

लामदुआनच्या डोळ्यांसमोर आईचा चेहरा आला. आता हा माणूस तिथे बसणार, रडणार. मग आई रडणार, घाबरी होणार, रात्रभर जागणार. आणि तिच्या उशाशी बसणार कोण? लामदुआन.

"नको, काका."

"त्यांना राग—"

"राग असेल-नसेल. मी विचारलं नाही कधी. तुमचं मन हलकं होईल, ते खरं. पण तुम्ही गाडीत बसून शहरात जाल, आणि जे काही वर येईल ते मला निस्तरावं लागेल. माझ्याकडे उचलायला आधीच पुष्कळ आहे."

तिला वाटलं, आपण फार बोललो. इतकं सरळ ती कित्येक वर्षांत कुणाशी बोलली नव्हती.

विचियनने मान डोलावली. "बरोबर आहे," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "बरोबर आहे." मग त्याने उरलेल्या वाटेवर एक शब्द काढला नाही, आणि त्याबद्दल तिला त्याचे आभार मानावेसे वाटले.

ते पोचले तेव्हा शर्यत संपते तिथली कमान उतरवायला सुरुवात झाली होती. दोघेजण शिडीवर होते. निवेदकाने घाईघाईने पुन्हा माइक चालू केला आणि चारशे नऊ नंबरचं नाव चुकीचं उच्चारलं. पेजेच्या पातेल्यापाशी बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. विचियनच्या गळ्यात पदक घातलं गेलं. त्याची मुलगी सावलीत गाडी घेऊन थांबली होती. ती धावत आली, बापाला ओरडली, मग त्याला धरून नेऊ लागली. जाताना तो वळला आणि लामदुआनसमोर हात जोडून खूप खाली वाकला, स्वतःपेक्षा लहान असलेल्या माणसासमोर कुणी वाकत नाही इतका. मुलगी चकित होऊन बघत राहिली. लामदुआननेही हात जोडले. आणखी काय करायचं ते तिला सुचलं नाही.

घरी आई जागीच होती.

"इतका उशीर?"

"शेवटचा माणूस फार हळू होता." लामदुआनने तिला टेकवून बसवलं, पेज भरवली, तोंड पुसलं. सांगायचं नाही असं ठरवूनच ती आली होती. पण इतकी दमली होती की गप्प राहायचंही बळ उरलं नव्हतं. "विचियन होता तो, आई. मोजणीवाला."



"म्हातारा झाला असेल," आई म्हणाली.

"झालाय. गुडघा गेलाय त्याचा."

"हं." आईने ओठांवरून जीभ फिरवली. रागाचं नाही, रडण्याचं नाही, चेहऱ्यावर काहीच नव्हतं. की होतं आणि ते वाचायची ताकद लामदुआनमध्ये नव्हती? "मला खिडकीकडे वळव. पाठ भाजतेय."

लामदुआनने तिला वळवलं, पाठीशी उशी लावली. मग पिवळं जाकीट न काढताच तिथेच चटईवर आडवी झाली. शाळेचा भात चढवायचा होता, जाकीट परत द्यायचं होतं. आई हळूहळू काहीतरी बोलत होती, शेजाऱ्यांची नावं घेत होती, जुन्या वस्तीतली, एकेका घराची. लामदुआनने पहिली दोन-तीन ऐकली, आणि तिचा डोळा लागला.