देवाला दाखवलेलं रीळ

मी डबा-कॅमेरा बोलतोय, आणि आज कुणाची भीडभाड ठेवणार नाही! "ह्या कॅमेऱ्याक नजरच नाय," म्हणून नाटे गावात सहा वर्षं माझ्या नावाने खडे फोडतात. माझ्या काचेला तडा नाही, पेटीला चीर नाही. चूक कुणाची, ते ऐकाच.

सन एकतीस साली हरिश्चंद्राने मला मुंबईत जुन्या बाजारातून घेतलं. हा तिथे पेढीवर कारकून, शिमग्याला गावी येणारा. माणूस वाईट नाही, पण रीळ भरतानाच्या त्याच्या खोडी! तोंडात विडा, रिळाच्या कागदाचं टोक थुंकीने ओलं करून फटीत सरकवायचा, माझी पाठ लावायचा, आणि "नीट अडकलं ना?" म्हणून लगेच पुन्हा उघडायचा. भात शिजला का बघायला दहादा झाकण काढतात ना, तसं. रिळाच्या खोक्यावर छापलंय, सावलीत भरा. वाचता येतं मेल्याला, इंग्रजी शिकलाय!

बत्तीसच्या शिमग्यात तर कडीच झाली. शेजारची सगुणाकाकी आली. तिचा एकुलता एक लवू दुसऱ्या दिवशी बोटीवर खलाशी म्हणून निघणार होता. "दोन वर्सांचो करार आसा रे. त्याचा तोंड माज्या डोळ्यांसमोर ऱ्हवांदे," ती म्हणाली.

हरिश्चंद्राचे वडील, आप्पा, म्हणाले, "नवा रीळ देवाक दाखवल्याशिवाय वापरूचा नाय."

झालं! भर दुपारी घरापुढच्या खळ्यात पाट मांडला, नारळ ठेवला, आणि हरिश्चंद्राने रीळ सबंध उलगडून पाटावर पसरलं. आप्पांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या रिळाक यश दे रे म्हाराजा!" सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" मी आपला पाठ उघडी टाकून बाजूला तडफडतोय. अरे, गुंडाळा ते, जळलं! देवाला बंद खोक्यातलं दिसत नाही काय?

मग तेच रीळ माझ्यात भरून लवूला उभं केलं. तो लाजून हसला. ते हसू मी बरोबर घेतलं, पण ठेवणार कुठे?

रीळ टपालाने मुंबईला धुवायला पाठवलं, हरिश्चंद्राची रजा संपायच्या आत फोटोचे कागद आले ते कोरे. रिळाला आधीच उजेड लागलाय, असं रीळ धुणाऱ्याने स्वच्छ लिहिलं होतं. आणि हरिश्चंद्र काकीला म्हणतो, "काकी, उजेड लागलो. ही पेटीच फुटकी आसा." जनाची नाही, मनाची तरी!

पावसाळ्यात तार आली. लवूची बोट बुडाली होती.

चौदाव्या दिवशी काकी आली आणि मला मागून घेऊन गेली. बातमी ऐकून गावी आलेल्या हरिश्चंद्राने मान खाली घालून मला तिच्या हातात दिलं. तेव्हापासून मी लवूच्या कांबळ्यात गुंडाळलेला, भाताच्या कणगीमागे. कुणी पाहुणा झाकणाला हात लावायला गेला की ती धावत येते, "उघडू नुको! उजेड लागंल. माजो लवू आत आसा."

अंधार जपायचा, हे साऱ्या गावात तिला एकटीला कळलं. रोज सांजवात लावून ती कांबळ्यावरून हात फिरवते. मी रिकामा आहे हो, पार रिकामा! आणि एवढा तावातावाने बोलणारा मी, तिच्यापुढे गप्प बसतो.